तिकिटाचा काळाबाजार गेटवर नाही, पासाच्या गठ्ठ्यात सुरू होतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी आटोपली की खान्देशात नाटकांचे आणि गाण्यांच्या कार्यक्रमांचे दिवस येतात. प्लॅन, म्हणजे खुर्च्यांच्या नकाशावरची तिकीटविक्री, उघडताच पुढच्या रांगा भरतात. प्रयोगाच्या दिवशी त्याच रांगांची तिकिटे नाट्यगृहासमोरच्या टपरीवर किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दुप्पट-तिप्पट दराने फिरत असतात. ‘पोलीस काय करतात’ हा प्रश्न मग हमखास निघतो. आमच्या मते हा प्रश्न आधी आयोजकांना विचारला पाहिजे. तिकीटबारीवर आम्ही आयोजकांच्याच बाजूने बसतो, तरीही हे लिहितो आहोत.

सुरुवातीलाच एक फरक सांगायला हवा. घरात लग्न निघाले, मूल आजारी पडले, म्हणून कोणी आपली दोन तिकिटे छापील दराने दुसऱ्याला दिली तर त्यात गैर काही नाही. खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा ते चांगलेच. पण बघायला जायचेच नाही, फक्त चढ्या दराने विकायचे, या हिशेबाने वीस-पंचवीस खुर्च्या अडवून ठेवणे ही साठेबाजी आहे. ‘मागणी आहे म्हणून भाव आहे, व्यापार असाच चालतो’ असे यावर ऐकवले जाते. रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी माल भरतो, ट्रकचे भाडे देतो, माल रस्त्यात पिकून गेला तर तोटा सोसतो आणि तो माल दिल्लीच्या बाजारात पोचवतो. त्याच्या नफ्यामागे काम आहे. तिकीट अडवणारा यातले काही करत नाही. खुर्ची तीच, प्रयोग तोच, त्याने वाढवला तो फक्त दर. कार्यक्रम पडला तर त्याचेही पैसे बुडतात हे खरे, पण ती जोखीम कोणी त्याला घ्यायला सांगितलेली नसते.

शिवाय दर कमी ठेवणे ही आयोजकाची चूक नसते, तो निर्णय असतो. नाटक आणि गाण्याच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के लागतो. म्हणून अनेक प्रयोगांचा वरचा दर पाचशेवर थांबतो आणि मागच्या रांगा दोनशे-तीनशेत ठेवल्या जातात, शिक्षकाला, हमालाला, कॉलेजच्या पोरांना परवडावे म्हणून. तीनशेचे तिकीट बाहेर सातशेला गेले तर वरचे चारशे नटाला मिळत नाहीत, पडद्यामागच्या कामगाराला मिळत नाहीत, नाट्यगृहाला नाहीत आणि सरकारलाही नाहीत. ज्याच्यासाठी दर खाली ठेवला तो माणूस मात्र घरी राहतो.

आता कायदा. रेल्वेच्या तिकिटाबाबत तो स्पष्ट आहे आणि भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात तो वेगळा सांगावा लागत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ नुसार विनापरवाना तिकिटे मिळवून विकण्याचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम ऑनलाइन काढलेल्या ई-तिकिटालाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. नाटक, मैफल, क्रिकेटचा सामना यांच्या तिकिटांसाठी देशभर लागू होईल असा इतका नेमका कायदा नाही.

जवळचे म्हणावे असे एक कलम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्ह्यांच्या यादीत तिकिटांच्या अनधिकृत विक्रीचा उल्लेख आहे. शिक्षा एक ते सात वर्षे कैद आणि दंड. पण दोन अडचणी आहेत. ते कलम टोळीच्या किंवा गटाच्या सदस्याला लागते, म्हणजे उरलेली दोन तिकिटे विकणारा एकटा माणूस त्यात येत नाही, आणि येऊही नये. दुसरी अडचण, ‘अनधिकृत’ म्हणजे काय हे तिथे सांगितलेले नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की आयोजकाने तिकिटावरच छापावे: छापील दरापेक्षा जास्त दराने विक्री अनधिकृत, तिकीट परत करण्यासाठी खिडकी अमुक वेळेत. ही ओळच नसेल तर कोणती अट मोडली, हे पोलिसांनी कशाच्या आधारावर म्हणायचे?

न्यायालयाकडून आयता तोडगा मिळेल, या आशेवरही थांबू नये. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री सुरू झाली. २,५०० ते ३५,००० रुपये दराची तिकिटे बघता बघता पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात गेली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रारी गेल्या, ईडीने पाच शहरांत झडत्या घेतल्या. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेली जनहित याचिका मात्र जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. हा धोरणाचा विषय आहे, कायदा करणे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या ठिकाणच्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी घातली. जपानमध्ये तशी बंदी जून २०१९ पासून आहे. आपल्या आमदारांना हा विषय मांडायला कोणी अडवलेले नाही.

पण कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या गावातला काळाबाजार कुठून सुरू होतो ते आधी बघू. तो ऑनलाइन बुकिंगच्या गर्दीतून कमी आणि फुकट वाटलेल्या पासांतून जास्त होतो. आठशे खुर्च्यांचे सभागृह धरा. प्रायोजकांना शंभर, पाहुण्यांना चाळीस, परवानग्यांच्या निमित्ताने मागणाऱ्यांना साठ असे वाटत गेले की दोनशे खुर्च्या, म्हणजे पाव सभागृह, विक्रीला येतच नाही. या खुर्च्या नेमक्या पुढच्या असतात. ज्याला पास मिळतो तो पुष्कळदा येत नाही, तो ड्रायव्हरला किंवा ओळखीच्याला देतो, आणि तिथून तो पास पैशांवर जातो. पासावर ‘विक्रीसाठी नाही’ एवढेच छापलेले असते. नाव नसते, खुर्चीचा क्रमांक नसतो, स्थळप्रतीवर, म्हणजे आयोजकाकडे राहणाऱ्या अर्ध्या तुकड्यावर, कोणाला दिला याची नोंद नसते. मग डोअरकीपरने पकडायचे काय?

उपाय साधा आहे, फक्त आयोजकाला थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. पास वेगळ्या रंगाचा असावा, त्यावर नाव आणि खुर्चीचा क्रमांक हाताने लिहावा, तोच स्थळप्रतीवर उतरवावा. एकूण खुर्च्या किती, पास किती, विक्रीला किती, हे प्लॅन उघडण्याच्या दिवशी तिकीटबारीवर फळ्यावर लिहावे. फळ्यावरचा आकडा लोक वाचतात, त्यामुळे पास मागायला येणाराही जरा दबकतो. प्रयोगाच्या दिवशी वेळेआधी एक तास पासधारकाचा निरोप आला नाही तर ती खुर्ची विक्रीला काढायची, ही अट पासावरच असावी.

पहिल्या दिवशी माणशी चार तिकिटांची मर्यादा सगळेच ठेवतात. ती मोडते कशी? ऑनलाइनमध्ये एकाच माणसाच्या हातात पाच मोबाइल नंबर, पाच खाती आणि घरच्यांची कार्डे असतात. रांगेत तो मजुरीवर पोरे उभी करतो. पूर्ण बंदोबस्त कोणालाच जमत नाही. पण निम्मी तिकिटे खिडकीवर आणि निम्मी ऑनलाइन ठेवली, ऑनलाइन तिकिटावर घेणाऱ्याचे नाव छापले आणि क्यूआर कोड प्रयोगाच्या आदल्या दिवशीच पाठवला, तर अडवून ठेवण्यातला नफा बराच उतरतो. हातात कोडच नसताना आठवडाभर आधी विकायचे काय?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो परतीच्या खिडकीने. लोक बाहेर विकतात, कारण आयोजक तिकीट परत घेत नाही. आयोजक घेत नाही, कारण परत आलेली खुर्ची रिकामी राहील अशी त्याला भीती असते. यातून वाट अशी: तिकीट परत घ्यायचे, पण पैसे ते पुन्हा विकले गेले तरच द्यायचे, छापील दराच्या ९० टक्के. राहिलेले दहा टक्के खिडकीवरच्या माणसाच्या मेहनतान्याला. प्रयोगाच्या तीन तास आधीपासून खिडकी उघडी ठेवावी, ज्यांना तिकीट हवे त्यांना टोकन द्यावे आणि क्रमाने छापील दरातच विकावे. एक वही पुरते. खुर्ची क्रमांक, परत आल्याची वेळ, नाव, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, पुन्हा विकले का, रक्कम दिली का.

यात चूक होते ती एकाच ठिकाणी. परत आलेल्या तिकिटाचा जुना क्यूआर रद्द न करता नवा काढला जातो. मग एका खुर्चीवर दोन माणसे येतात, दोघांकडेही खरे तिकीट असते आणि भांडण डोअरकीपरच्या अंगावर येते. म्हणून आधी कागदी तिकीट हातात घ्यायचे, प्लॅनवर फुली मारायची, जुना कोड बंद झाल्याचे स्क्रीनवर बघायचे आणि मगच नवे तिकीट द्यायचे. घाईत हा क्रम उलटा होतो.

दारावरही तसेच. गर्दी झाली की मोबाइलचे नेटवर्क बसते, स्कॅन फिरत राहतो, मागून लोक ओरडतात, आणि डोअरकीपर स्क्रीनशॉट नुसता डोळ्यांनी बघून आत सोडू लागतो. तो क्षण नकली तिकीटवाल्याचा. एकच कोड त्याने तिघांना विकलेला असतो. पहिला स्कॅन होतो तो आत, बाकीच्यांना ‘आधीच वापरलेले’ असा लाल शेरा. स्कॅनच होत नसेल तर तिघेही आत, आणि खरा प्रेक्षक बाहेर. म्हणून तिकिटांची यादी दुपारीच स्कॅनरच्या मोबाइलवर उतरवून ठेवावी, म्हणजे नेटवर्क नसले तरी चालते. पण दोन दारे असतील आणि दोन्हीकडचे मोबाइल एकमेकांशी जोडलेले नसतील तर एकच कोड दोन्ही दारांतून जाऊ शकतो. तिथे ए ते के रांगा डाव्या दाराने आणि पुढच्या उजव्या दाराने अशी वाटणी करावी आणि दाराचे नाव तिकिटावर छापावे.

बाहेरगावच्या मोठ्या कार्यक्रमांचे दुखणे वेगळे आहे आणि आपल्याकडच्या पोरांना ते जास्त लागते. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. शिरपूर, शहादा, चोपड्याहून निघणाऱ्याला आधी रेल्वेपर्यंत पोचायचे असते. नंदुरबारचे लोक सुरतमार्गे अहमदाबादला जातात. गेटवर तिकीट खोटे निघाले तर तिकिटाचे पैसे जातातच, वर प्रवास, लॉज आणि दोन दिवसांची रजा. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: मूळ तिकिटावर ‘अहस्तांतरणीय’ असे लिहिले असेल तर तिकीट खरे असूनही आयोजक प्रवेश नाकारू शकतो. त्याने तुम्हाला काही विकलेलेच नसते, म्हणून त्याच्याकडे दादही मागता येत नाही. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर काही जण तर हातात नसलेले तिकीटही विक्रीला ठेवतात. आधी पैसे घ्यायचे, मग स्वस्तात कुठे मिळते का ते शोधायचे, नाही मिळाले तर शेवटच्या दिवशी रद्द करायचे. म्हणून विकणारा रांग आणि खुर्चीचा क्रमांक सांगत नसेल तर व्यवहार तिथेच सोडावा.

फसवणूक झालीच तर पहिला तास महत्त्वाचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात ते तेव्हाच. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जवळ ठेवावेत. समोरचा चॅट पुसतो, म्हणून आधी ते काढावेत. बँक लगेच भरपाई देईल असे धरू नये. स्वतः पिन टाकून दिलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ‘अनधिकृत व्यवहार’ नियमात सहसा बसत नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे वाद नोंदवायला जास्त वाव असतो. संकेतस्थळाविरुद्ध तक्रार असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह असो की धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यगृह, सभागृह देताना अर्ज भरून घेतला जातोच. ही नाट्यगृहे चालवणाऱ्या यंत्रणांना आणि नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगावच्या नगरपालिकांना आमची विनंती आहे की त्या अर्जात तीन अटी घालाव्यात: पासांची संख्या फळ्यावर जाहीर करणे, तिकिटावर पुनर्विक्रीची अट छापणे आणि प्रयोगाच्या दिवशी तीन तास परतीची खिडकी चालवणे. अट न पाळणाऱ्याच्या अनामतीतून ठरावीक रक्कम कापावी. खिडकी चालवायला माणसे नाहीत, अशी अडचण कोणा आयोजकाने सांगितली, तर पहिल्या काही प्रयोगांना वही घेऊन आम्ही येऊन बसू.

आपले,
नाटक व संगीत कार्यक्रमांच्या तिकीटबारीवर काम करणारे काही कार्यकर्ते,
जळगाव, धुळे, नंदुरबार