कोडी हेही रसायनशास्त्रच

रसायनशास्त्राच्या तासाला तर्ककोडी सोडवून घेणे म्हणजे अभ्यासक्रमाचा वेळ वाया घालवणे, असे म्हणणारे पत्र आपल्या अंकात वाचले. ते पटले नाही.

समजा, चार बाटल्यांची लेबले निघाली आहेत. आत सोडियम कार्बोनेट, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, बेरियम क्लोराइड आणि साध्या मिठाची द्रावणे आहेत, चारही रंगहीन. बाहेरचे कोणतेही रसायन न घेता, परीक्षानळीत दोन-दोन मिसळून ती ओळखायची. जे एकाशी बुडबुडे आणि दुसऱ्याशी पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) देते, ते कार्बोनेट. बुडबुडे आले ते आम्ल, अवक्षेप आला ते बेरियम, आणि कशानेच न बधणारे ते मीठ! यात पुस्तकाबाहेरची एकही अभिक्रिया नाही. उलट, प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून लिहिणाऱ्यांना इथे पळवाट उरत नाही.

मूलद्रव्यांची आवर्तसारणीही अशीच तर्काने घडली. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 मध्ये तिच्यात न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा ठेवल्या. 1875 मध्ये त्यांतल्या एका जागेत बसणारे गॅलियम सापडले तेव्हा त्याची घनता 4.7 मोजली गेली, ती 5.9च्या आसपास हवी, असे मेंडेलीव्हने तो धातू न पाहताच कळवले. फेरमोजणीत तसेच निघाले.

प्रश्न वेळेचाच असेल, तर फळ्यावरची समीकरणे वहीत उतरवण्यात किती तास जातात, ते आधी मोजावे.

– एक वाचक, सातारा