संगणक वाचायला तयार आहे, पण त्याला अक्षरे द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाकडून मजकूर वाचून घेण्याबद्दलचा लेख काल आपल्या अंकात आला. लिहिणाऱ्याने कळकळीने लिहिले आहे, त्याबद्दल आभार. पण कळ दाबली आणि ऐकत बसले, इतके ते सोपे नाही. अडचण संगणकाची नसून त्याच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदांची आहे, आणि लेखात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

मला काचबिंदू आहे. सहा वर्षांपासून माझे वाचन कानानेच चालते. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या की नॅरेटर, म्हणजे विंडोजमधलाच पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलू लागतो. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. मराठी मजकूर मी एज ब्राउझरमध्ये उघडते. तिथे आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. इंटरनेट गेले की मात्र माझ्या संगणकावर हिंदी आवाजच उरतो, आणि त्याला आपले दोन च, दोन ज ठाऊक नाहीत. 'जरा थांबा' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा तो एकसारखेच म्हणतो. शाळेत ३१ वर्षे प्रकट वाचन घेतलेल्या माझ्या कानांना ते टोचते, पण अर्थ लागतो, म्हणून चालवून घेते.

अर्थच लागत नाही तो कार्यालयांच्या पत्रांचा. माझी पेन्शन जिथून येते तिथून गेल्या वर्षी दिवाळीनंतर ईमेलने पत्र आले. संगणक वाचू लागला आणि मधूनमधून 'डीजे, डीजे' म्हणू लागला. भाच्याने फोनवर उलगडा केला. पत्र कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. असे जुने फॉन्ट डोळ्यांना क दाखवतात, पण फाईलच्या आत इंग्रजी डी असतो आणि र च्या जागी जे. 'कर' लिहिले की संगणकाला 'डीजे' मिळते, तो तेच वाचतो. युनिकोड या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत मात्र क हा क म्हणूनच साठवला जातो.

कार्यालयाला फोन केला. त्यांनी तेच पत्र छापून, सही-शिक्का करून, स्कॅन करून पुन्हा पाठवले. आता संगणक गप्पच. मी स्पीकरची वायर तपासत बसले. तो कागदाचा फोटो होता, त्यात वाचण्यासारखी अक्षरेच नव्हती. पुन्हा फोन केला तर उत्तर आले, "आजी, घरात कोणाला तरी वाचायला सांगा की."

घरात मी एकटी असते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाने पत्र वाचले. हयातीच्या दाखल्यावरचे नाव आणि बँकेतले नाव यांत एका अक्षराचा फरक होता, आणि दुरुस्तीची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. पेन्शन दोन महिने अडकली. पैसे नंतर मिळाले. पण माझा खाते क्रमांक, माझी पेन्शन किती, हे सगळे त्या मुलाने मोठ्याने वाचले आणि मी समोर बसून ऐकले. मुलगा गुणी आहे. तरी ते पत्र माझे होते, ते मला एकटीला वाचता यायला हवे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ ने छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळेल, हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यासाठी नवीन यंत्रे नकोत. कर्मचाऱ्यांच्या हाताला बसलेला जुना कळफलक तसाच ठेवूनही युनिकोडमध्ये टाइप करता येते. सही-शिक्क्याची प्रत हवी तर पाठवा, पण तिच्यासोबत मूळ टाइप केलेली फाईल जोडा.

आता आपल्याविषयी. कालचा लेखही मी त्याच मुलाकडून वाचून घेतला. आपला ई-पेपर म्हणजे पानाचे चित्र आहे, आणि वेबसाइटवर तो लेख शोधून सापडला नाही. ज्यांच्यासाठी लेख लिहिला त्यांनाच तो वाचता येऊ नये, याचा मला फार राग आला. ई-पेपरमध्ये प्रत्येक बातमीसोबत तिचा मजकूरही द्या. निधनवार्तासुद्धा द्या. माझ्या बरोबरीची माणसे जातात आणि मला आठ-आठ दिवसांनी कळते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा