रविवारचं प्रवचन आठ मिनिटांचं, पण तयारीचं हवं

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमची आई 78 वर्षांची, वसईत अजूनही पहाटेच्या पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चालत जाते आणि घरी आली की चहा पिता पिता फादर काय बोलले ते सांगते, आमच्या लहानपणापासून हे असंच चालत आलंय. पण हल्ली विचारलं की म्हणते, "लई मोठं होतं रे, काय लक्षात नाय राहिलं." बायबलमधलं पहिलं वाचन कोणी केलं, क्वायर कुठे चुकली हे सगळं तिला आठवतं, म्हणजे विसरभोळी ती नक्कीच नाही.

गेल्या रविवारी मी स्वतः घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं! त्यात सणाची वर्गणी, पार्किंग, मोबाईल, सगळं आलं, पण नुकतंच वाचलेलं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूचा भाग, काही आलं नाही. तरुण पोरं एकेक करून बाहेर पोर्चमध्ये गेली, ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

फादर लोकांना किती कामं असतात ते मला माहितीये, लग्नं, मर्तिकं, शाळा, रविवारी दोन-तीन मिस्सा. पण अख्खं गाव एकत्र बसून ऐकतं ते हेच एकदा आठवड्यातून. पोप फ्रान्सिसनीसुद्धा जून 2024 मध्ये सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोकांचं लक्ष उडतं, झोप लागते. आईच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये मातृभाषेला परवानगी दिली म्हणून आपल्याला ती मराठीत मिळाली. आणि मराठीचं म्हणाल तर आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या धर्मगुरूंना भाषा येत नाही असं कोण म्हणेल?

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये वाचनात येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला होता, शेतांत लावणी चाललेली. एका तरुण फादरांनी विचारलं, भाताचं आवण लावताना तुम्ही आधी चिखल नीट करता ना, मग मनाचा चिखल कधी करणार? जेमतेम सहा-सात मिनिटं बोलले असतील. आई अजून सांगते ते.

म्हणून सगळ्या फादरांना हात जोडून विनंती, सूचना आणि वर्गणीचं शेवटी कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) झाल्यावर सांगा, शनिवारी संध्याकाळी दोन-चार घरच्या माणसांसोबत बसून वाचनं वाचा, त्यांना काय कळलं ते ऐका आणि मग रविवारी बोला.

- एक वाचक, वसई