'पदवी आवश्यक' ही ओळ मीच टाइप केली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत सध्या 'एवढं शिकून उपयोग काय' यावर बरंच लिहून येतंय. नोकऱ्यांचा भरवसा नाही, मग तीन-चार वर्षं आणि घरचा पैसा पदवीवर का घालवायचा, असा एकूण सूर. उलट बाजूने लिहिणारे बहुतेक प्राध्यापक आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नसावं. मी दोन्हींत नाही. मी २६ वर्षं एका कारखान्याच्या भरती विभागात काढली. अर्ज फोडायचे, छाननी करायची, मुलाखतीच्या याद्या लावायच्या, नकाराची पत्रं धाडायची. पदवीला बाजारात काय भाव मिळतो ते याच टेबलावर ठरतं, आणि त्या टेबलामागच्या कुणाचं पत्र काही दिसलं नाही, म्हणून हे लिहिते.

आमच्या स्टोअरचे जुने कारकून दहावी झालेले. ३१ वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे, हे ते मान वर न करता सांगायचे. ते निवृत्त झाले तेव्हा जागेच्या जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आला. पात्रतेच्या रकान्यात काय लिहू म्हणून साहेबांना विचारायला गेले. ते फोनवर होते. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "ग्रॅज्युएट टाका, नाहीतर ढीग येईल." मी टाकलं. काम तेच होतं, रजिस्टरं तीच होती. एक कॉम्प्युटर तेवढा वाढला होता आणि तो शिकायला आठवडा पुरत होता.

ढीग आलाच. ४०० च्या वर अर्ज. त्यात एम.कॉम. होते, इंजिनीअर होते, एक पीएच.डी. करत असलेला होता. मग साहेब म्हणाले, प्रथम श्रेणीवालेच ठेवा. निवड झाली तो एम.एस्सी. होता. मुलगा हुशार होता आणि सातव्या महिन्यात सोडून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; बेअरिंगं मोजायला तो एम.एस्सी. झालाच नव्हता.

बाद झालेल्या गठ्ठ्यात आमच्याच स्टोअरमधल्या हेल्परचा अर्ज होता. बारावी पास. सहा वर्षं त्याच रॅकमध्ये काढलेली. नव्या एम.एस्सी. मुलाला सगळं काम पुढे त्यानेच शिकवलं. त्याने मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "मॅडम, माझा अर्ज पोचला ना?" मी म्हटलं, "पोचला रे, पण निकष वरून आलेत." वरून म्हणजे कुठून, तर फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या एका वाक्यातून आणि माझ्या टाइपरायटरमधून.

हे सांगण्याचं कारण असं की 'पदवीचा फायदा होतो का' हा प्रश्न आपण नेहमी विद्यार्थ्याला विचारतो. पदवी मागणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला ती कशाला हवी.

अर्थशास्त्रज्ञांनी मात्र हे विचारून झालंय. गॅरी बेकर यांचं म्हणणं, शिक्षण म्हणजे माणसात केलेली गुंतवणूक. शिकलेला जास्त काम करू शकतो म्हणून त्याला जास्त पगार. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी शक्यता मांडली. समोरचा माणूस कसा आहे हे मालकाला आतून कळत नाही, म्हणून तो खुणा शोधतो, आणि पदवी ही एक खूण. ती मिळवायला कष्ट पडतात, म्हणजे ज्याने मिळवली तो चिकाटीचा असणार, एवढा अंदाज. वर्गात काय शिकला याच्याशी त्या खुणेचा संबंध असेलच असं नाही. दोघांनाही नोबेल मिळालं, बेकरना १९९२ मध्ये आणि स्पेन्सना २००१ मध्ये इतर दोघांबरोबर. त्यामुळे खरं कुणाचं, हे मी ठरवणार नाही. माझ्या टेबलापुरतं सांगते: चारशे अर्ज आणि दोन दिवस हाताशी असले की स्पेन्सच खरे ठरतात.

हे आमच्याच कारखान्याचं असतं तर पत्र लिहिलं नसतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. अमेरिकेत २०१५ साली उत्पादन विभागाच्या सुपरवायझरसाठी निघालेल्या जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती. प्रत्यक्ष ते काम करत असलेल्यांपैकी पदवीधर होते १६ टक्के. म्हणजे कामावर असलेल्या बहुतेकांना त्यांच्याच खुर्चीसाठी अर्जही करता आला नसता. आमच्या ३१ वर्षंवाल्या कारकुनांसारखंच.

मंदी आली की ही चाळण आणखी बारीक होते. अर्जदार उदंड असतात, मग पात्रता वाढवायला मालकाचं काय जातं? हर्शबाइन आणि कान या दोघांनी अमेरिकेतल्या जाहिराती तपासल्या. २००८ च्या मंदीचा फटका जिथे जास्त बसला तिथे पात्रतेच्या अटी जास्त वाढल्या, आणि मंदी ओसरून काही वर्षं झाली तरी त्या खाली आल्या नाहीत. यात मला नवल वाटलं नाही. जुनी जाहिरात फायलीतून काढायची, तारीख बदलायची आणि पाठवायची, अशीच आमची पद्धत होती. एकदा घुसलेली अट कोण काढणार?

हल्ली बऱ्याच कंपन्या 'आम्ही पदवी बघत नाही, कौशल्य बघतो' असं जाहीर करतात. चांगलंच आहे. पण २०२४ च्या एका अभ्यासात (हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांचा) हिशोब लागला तो असा, की अट काढल्यामुळे नोकरी मिळाली असं वर्षभरातल्या ७०० भरतींमागे एकाबाबतही म्हणता येत नाही. जाहिरातीतली ओळ खोडली, छाननी करणाऱ्याच्या डोक्यातली तशीच राहिली.

आता कुणी म्हणेल, मग शिकूच नका असं सांगताय का? अजिबात नाही. उलट मंदीच्या दिवसांत पदवी काय करते हे मी जवळून पाहिलंय. कपातीची यादी करायचं कामही आमच्याच विभागाचं. एका वर्षी ती करायला बसलो तेव्हा पहिली पाच नावं लिहायला मिनिटभरही लागला नाही: हेल्पर, हेल्पर, पॅकर, हेल्पर, शिपाई. सहाव्या नावाला साहेबांनी पेन थांबवलं, कारण तो डिप्लोमावाला होता आणि 'उद्या काम आलं तर असा माणूस परत शोधावा लागेल' अशी चर्चा सुरू झाली. पहिल्या पाच जणांसाठी ती चर्चा झाली नव्हती. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन तडाख्यात, शाळा पुरी न केलेल्यांत बेकारी २१.२ टक्के होती, फक्त शाळा पुरी केलेल्यांत १७.३ आणि पदवीधरांत ८.४. पदवीधरही बेकार झाले, पण निम्म्याहून कमी प्रमाणात. पदवी नोकरी देते का, याबद्दल मी साशंक आहे. ती नोकरी जाताना मध्ये उभी राहते, याबद्दल नाही.

मात्र सरासरीचे आकडे तोंडावर फेकणाऱ्यांशी माझं जमत नाही. साकारोपुलोस आणि पॅट्रिनोस यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलंय की शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाई साधारण ९ टक्क्यांनी वाढते. वाचायला छान. पण प्रत्येक वर्ष सारखं नसतं. शेवटचं वर्ष पुरं करून हातात कागद आला की पगारात जी उडी बसते, ती आधीच्या वर्षांत बसत नाही. इंग्रजीत याला मेंढीच्या कातड्याचा परिणाम म्हणतात, कारण पूर्वी पदव्या कातड्यावर लिहीत. याचा उलटा अर्थ फार कमी लोक मुलांना सांगतात: तिसऱ्या वर्षी सोडलं तर फी दिलेली, वर्षं गेलेली, कदाचित कर्जही डोक्यावर, आणि कातडं नाही. माझ्या टेबलावर सगळ्यांत केविलवाणे अर्ज हेच असत. 'पदवी (अपूर्ण)' असं लिहिलेले. कंसातला तो शब्द काही जण इतका बारीक लिहीत की दिसू नये.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी विचारते, पुरं होईल का? घरात पैसा पुरेल का, तब्येत साथ देईल का, विषय झेपेल का? कॉलेजचं नाव नंतर.

माझी भाची गेल्या वर्षी पदव्युत्तर झाली. वर्षभर नोकरी नाही. आता म्हणते, "मावशी, दुसरं एम.ए. करते, तोपर्यंत मार्केट सुधारेल." मंदीत पास होणाऱ्यांचं नुकसान होतं हे खरंच. कॅनडातल्या पदवीधरांच्या एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीच्या कमाईत ९ टक्क्यांच्या आसपास घट दिसली आणि ती भरून यायला दहाएक वर्षं लागली. पण ती घट कशी भरून आली, तर माणसं मिळेल त्या लहान जागेवर रुजू झाली आणि हळूहळू बऱ्या जागी सरकली. वर्गात बसून ते सरकणं होत नाही. पाऊस थांबेपर्यंत छपराखाली थांबतात तसं कॉलेजात थांबू नकोस, असं मी तिला सांगितलं. त्या छपराचं भाडं द्यावं लागतं. ती रुसली आहे. फोन उचलत नाही.

शिक्षण म्हणून शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. एकदा प्रयोगशाळा सहायकाच्या मुलाखतीला एक मुलगी प्रयोगवही घेऊन आली होती. साधी, कोपरे दुमडलेली. एका पानावर एकच रीडिंग चार वेळा घेतलेलं. पहिली तीन खोडलेली, पण गिरवून काळी केलेली नाहीत. आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण: 'तापमान स्थिर नव्हतं', 'मीच चुकले'. गुणपत्रिकेत ती आमच्या यादीत अकरावी होती. आमच्या लॅबच्या प्रमुखांनी वही बंद केली आणि पुढच्या उमेदवारांना बोलावलंच नाही. हे तिला कॉलेजनेच शिकवलं असणार. बेकर कुठे दिसले असतील तर मला त्या पानावर दिसले. पण ती वही त्या खोलीपर्यंत पोचली कशी? पदवीच्या चाळणीतून ती आधी पार झाली होती म्हणून. ज्यांच्याकडे वही आहे पण पदवी नाही, ते दारातूनच परत जातात.

तेव्हा नुसतं मुलांना 'कौशल्यं वाढवा' सांगून भागणार नाही. पदवी मागणाऱ्याने ती का लागते हे दाखवावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात असंच काहीसं म्हटलं होतं. तिथे वरच्या विभागांत जायला शाळेचा दाखला मागत. त्याचा कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही, आणि अटीमुळे अडत होते ते मुख्यतः कृष्णवर्णीय कामगार. अट रद्द झाली. कोर्टाची गरज सगळीकडे पडू नये. माझ्यासारख्या बाईने साहेबांना एवढंच विचारलं असतं, "ग्रॅज्युएट कशासाठी, साहेब?" तर बहुधा त्यांनाही उत्तर देता आलं नसतं. मी विचारलं नाही.

त्या हेल्परने पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. दिवसा स्टोअर, रात्री पुस्तकं, चार वर्षं. एक विषय दोनदा राहिला. निकाल लागल्यावर प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो माझ्या टेबलाशी आला. तोवर स्टोअरचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं आणि कारकुनाची ती जागाच रद्द झाली होती. त्याला ते माहीत होतं. तरी म्हणाला, "झेरॉक्स ठेवून घ्या मॅडम, कधी निघाली तर." मी ती त्याच्या फायलीला लावली आणि पात्रतेच्या रकान्यात 'बारावी' खोडून 'पदवीधर' लिहिलं. आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी.

आपली,
एक निवृत्त भरती अधिकारी