पॅचवर शेक देऊ नका, हे कोण सांगणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीतला ‘सुईला रामराम’ हा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले, आज राहवत नाही. रेशमातलं फायब्रॉइन हे प्रथिन, कोळंबीच्या कवचातून काढलेलं कायटोसान यांच्या इवल्याशा सुया कातडीत विरघळून औषध सोडतात, हे लेखात छान सांगितलंय. पण ‘जैविक पदार्थ असल्याने पूर्णपणे निर्धोक’ हे वाक्य वाचून संताप आला. निर्धोक काय, सुई की तिच्यातलं औषध?

माझ्या वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिल या अफूच्या जातीच्या जालीम वेदनाशामकाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच लावायचो, दर 72 तासांनी नवा. एका रात्री ते कुडकुडत होते म्हणून आईने पाठीशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. पॅच तिथेच होता. थोड्या वेळाने मी गेले तर हाका मारूनही डोळे उघडेनात. श्वास मध्येच थांबायचा, मी मनात आकडे मोजायची, मग एकदम मोठा श्वास यायचा. पिशवी उचलली तर पॅचभोवतीची कातडी लालबुंद. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं औषध भराभर रक्तात उतरलं. पॅच काढूनही रात्रभर रुग्णालयात ठेवावं लागलं, कारण कातडीत साठलेलं औषध नंतरही तासन्‌तास उतरतच राहतं. पॅच हातात देताना आम्हाला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्या रात्रीनंतर वडिलांच्या अंगावर साधी शाल घालतानाही आई मला विचारायची, “घालू ना गं?”

कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण फार चिवट. साधारण 500 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) लहान रेणूच त्यातून आत शिरतात. फेंटानिल शिरतं, 5800 डाल्टनच्या आसपासचं इन्सुलिन शिरत नाही. अमेरिकेत 1979 साली पहिला पॅच मंजूर झाला तो प्रवासात उलटी होऊ नये म्हणून, स्कोपोलामिनचा. मोठ्या रेणूंना वाट करून द्यायला आता या सुया आल्या. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, रोज टोचून घेणाऱ्या माणसाचा त्रास त्यांनी वाचेल. पण एकदा आत गेलेलं औषध हे औषधच. सुई अर्धवट विरघळली तर किती डोस गेला? सुरकुतलेल्या कातडीत ती नीट रुतते का? पूर्ण पान हाताशी असून लेखात यातला एकही प्रश्न नाही.

आणि त्याच पानावर, लेखाच्याच टायपात, ‘हायल्युरॉनिक आम्ल त्वचेत खोलवर’ नेणाऱ्या सीरमची जाहिरात! हा रेणू एरवी इतका मोठा असतो की बराचसा वरच राहतो. वरच्या मजकुरात ज्यासाठी सुया लागतात ते खाली बोटाने चोळून आत जातं, असं वाचकांनी समजायचं का? निदान ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापा.

पुढच्या पुरवणीत एक चौकट द्यावी ही विनंती. पॅचवर शेक देऊ नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कापू नये. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. अक्षरं मोठी ठेवा. आमच्या पॅचसोबतचा कागद आईला भिंगानेही वाचता आला नव्हता.

आपली,
एक नियमित वाचक