मळा विकायच्या आधी

ती. आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "फोरपेक्षा रीजनल वरची ना? मग पोरगा थेट वरच जाऊ दे की." म्हणजे दादाच्या छोट्याने मोटार रेसिंगमधली फॉर्म्युला-४ (एफ-४) सोडून थेट फॉर्म्युला रीजनलच्या गाडीत बसायचं, आणि त्यासाठी मळा विकायचा. दादानेही त्या एजंटाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवलाय. फोनवर आपलं बोलणं दरवेळी 'बघू की' वर येऊन अडतं, म्हणून लिहूनच काढते. तेवढं वाचून होईपर्यंत मळ्याचा इसार घेऊ नका. एवढं ऐका माझं.

कार्टिंग संपलं की पहिली पायरी एफ-४. ही २०१४ साली सुरू झाली. पंधरा वर्षं पूर्ण झाली की पोरगा त्यात बसू शकतो. इटलीची वेगळी, ब्रिटनची वेगळी, स्पेनची, दुबई-अबुधाबीची, आणि २०२३ पासून आपली भारताचीही आहे. तिच्यावर रीजनल, साधारण २७० हॉर्सपॉवरची. मग एफ-३, ३८० ची. मग एफ-२, ६२० ची. एफ-१ चं सुपर लायसन्स, म्हणजे तिथे धावायचा परवाना, मिळवायचा तर सहसा वय १८ हवं आणि तीन वर्षांत मिळून ४० गुण हवेत. एफ-२ मध्ये पहिल्या तिघांत आलं की एका वर्षातच ४० मिळतात. एफ-३ जिंकली तर ३०, युरोपातली रीजनल जिंकली तर २५, एफ-४ जिंकली तर १२.

एजंट लोक हाच तक्ता पुढे करतात. बारापेक्षा पंचवीस बरे, हे कुणालाही पटतं. फक्त ते पंचवीस पहिल्या आलेल्याचे आहेत. आपला छोट्या तिथे अठरावा आला तर त्याला एक गुणही मिळणार नाही, आणि आत्ता या घडीला तो अठरावाच येईल. राग मानू नका. त्याचा हात चांगला आहे, मोहित्यांच्या ट्रॅकवर मी स्वतः पाहिलाय. पण तालमीत वस्ताद नव्या पोराला लगेच हिंदकेसरीच्या पुढे उभा करत नाहीत, जोड बघून कुस्ती लावतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं?

त्या कागदात एफ-१ च्या व्हर्स्टापेन आणि अँटोनेली या दोघांची नावं घातलीत, ती वाचून मला हसू आलं. व्हर्स्टापेन २०१४ साली कार्टमधून सरळ युरोपियन एफ-३ मध्ये गेला आणि २०१५ मध्ये सतराव्या वर्षी एफ-१ मध्ये, हे खरंच. पण त्याच्यानंतरच तर अठरा वर्षांचा आणि गुणांचा नियम आला. आणि अँटोनेलीने वगळली ती एफ-३. एफ-४ त्याने नीट केली. २०२२ मध्ये इटलीची आणि जर्मनीची दोन्ही जिंकला, २०२३ मध्ये रीजनल जिंकला, मग एफ-२. शिवाय कार्टिंगच्या वयापासून मर्सिडीज पाठीशी होती. एफ-१ चाच पियास्त्री बघा. ब्रिटिश एफ-४ मध्ये दुसरा आला, मग एफ-४ आणि एफ-३ च्या मधल्या फॉर्म्युला रेनो युरोकपमध्ये दोन वर्षं काढली, आणि त्यानंतर एफ-३ आणि एफ-२ लागोपाठच्या वर्षी जिंकला.

एफ-४ मध्ये असं शिकायचं तरी काय असतं, ते टीममधल्या माझ्या रोजच्या कामातून सांगते. छोट्याच्या कार्टला सस्पेन्शन नाही, गिअर नाहीत, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. एफ-४ च्या गाडीला चारही चाकांना ब्रेक, सहा गिअर आणि पुढे-मागे विंग. वेग जास्त असतो तेव्हा विंगवरून जाणारी हवा गाडीला जमिनीवर दाबून धरते, म्हणून ब्रेक पहिल्याच क्षणी सगळा जोर लावून मारायचा असतो, आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू सोडायचा. कार्टमधून आलेली पोरं नेमकं उलटं करतात. आधी बिचकत दाबतात, मग घाबरून जोरात. तोपर्यंत हवेचा दाब गेलेला असतो, पुढचं चाक अडकतं, घासतं, आणि टायरला एका जागी सपाट चट्टा पडतो. पुढची सगळी रेस गाडी थरथरत राहते.

सेशन संपलं की पोरगा हेल्मेट काढून माझ्याशेजारी बसतो. स्क्रीनवर त्याच्या ब्रेकवरच्या दाबाची रेघ आणि सहकाऱ्याची रेघ एकावर एक ठेवायच्या. चांगल्याची रेघ कड्यासारखी सरळ वर चढते आणि उतारावरून उतरते. नवख्याची मधेच फुगलेली. ब्रिटनमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकचं पहिलं वळण, पॅडॉक हिल, तर असं आहे की वळताना पुढचा उतार दिसतच नाही, गाडी एकदम खाली जाते. तिथे बरीच पोरं ॲक्सिलरेटरवरून नकळत पाय उचलतात आणि शपथेवर सांगतात की उचलला नाही. मग रेघ दाखवायची. हे ब्रेकचं गणित अंगात मुरायला एक हंगाम जातो, कुणाकुणाला दोन. रीजनलच्या गाडीत हे येतं असं गृहीतच धरतात. वर ती गाडी जड, स्टिअरिंग फिरवायलाही जोर लागतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे खांदे भरून येतात. तिथे इंजिनिअर टायर कसे जपायचे ते बोलतो, ब्रेक शिकवत बसत नाही.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाही, ती म्हणजे गाडीत बसायला किती मिळतं. एफ-३ च्या वीकेंडला सराव पाऊण तास, पात्रता फेरी अर्धा तास आणि दोन रेस. गाड्या तीस. ब्रिटिश एफ-४ मध्ये वीकेंडला तीन रेस. जीबी-३ मध्येही तीन. शिकणाऱ्या पोराला गाडीत जास्त वेळ मिळतो तीच सिरीज त्याच्यासाठी मोठी, असं माझं मत.

जीबी-३ हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. आधी हिलाच ब्रिटिश एफ-३ म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदलावं लागलं. बाबा, आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक तिथेच धावला होता, तुम्ही 'पुढारी'तली बातमी कापून ठेवली होती. कुश मैनी २०१८ मध्ये तिथे तिसरा आला, आणि २०२५ मध्ये मोनॅकोला एफ-२ ची स्प्रिंट रेस जिंकला. जीबी-३ च्या तिसऱ्या रेसमध्ये ग्रिड, म्हणजे सुरुवातीची रांग, उलटं लावतात आणि जितक्या गाड्या मागे टाकाल त्याचे वेगळे गुण देतात. पोरं ओव्हरटेक करायला शिकतात ती तिथे. लायसन्सच्या गुणांत जीबी-३ रीजनलच्या मागे आहे, पण खर्चही कमी. एफ-४ नंतर पैसे उभे राहिले तर माझा कौल जीबी-३ ला.

अमेरिकेचाही एक रस्ता आहे. तिथे यूएसएफ-२००० ही खालची सिरीज जिंकणाऱ्याला पुढच्या पायरीसाठी स्कॉलरशिप मिळते, हे मला फार आवडतं. युरोपात जिंकलं तरी पुढच्या वर्षीचे पैसे आपणच शोधायचे. २०१८ ला कुशच्या पुढे राहून ब्रिटिश एफ-३ जिंकलेला स्वीडनचा लुंडक्विस्टही अमेरिकेतूनच, पण यूएसएफ-२००० न करता, तिथल्या सगळ्यात वरच्या इंडीकारपर्यंत गेला. पण वर गेलं की ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक येतात, बाजूला काँक्रीटची भिंत. आई, तू ते बघू नकोस.

आता पैशाचं. युरोपात एफ-४ चा एक हंगाम म्हणजे काही लाख युरो, आणि एफ-२ चा वीस लाख युरोच्या वर. मळ्याच्या पैशात एफ-४ चं एखादं वर्ष निघेल. गाडी ठोकली तर त्याचं बिल वेगळं येतं, आणि नवखी पोरं ठोकतातच. आणि सगळं जमलं तरी पुढे काय? २०२२ चा एफ-२ विजेता ड्रुगोविच आणि २०२३ चा पुरशेर, दोघांनाही एफ-१ मध्ये कायमची सीट मिळाली नाही. आपला मुंबईचा जेहान दारूवाला एफ-२ मध्ये रेस जिंकूनही शेवटी विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला-ई कडे वळला. तो वाईट ड्रायव्हर म्हणून नव्हे. वर जागाच वीस-बावीस.

म्हणून मळा विकू नका. छोट्याने हे वर्ष रोटॅक्सचं कार्टिंग पूर्ण करावं. पुढच्या वर्षी भारतीय एफ-४, चेन्नई आणि कोइमतूरला. हंगाम छोटा असतो, गाडीही इथल्यापेक्षा वेगळ्या बनावटीची, पण ब्रेक, गिअर आणि विंग तिथेही तेच शिकवतील. तोवर दहावी होईल. मग सुट्टीत इकडे पाठवा, एफ-४ च्या गाडीत एक-दोन दिवस टेस्टला बसवू. त्याचा खर्च माझा. त्याची रेघ मी स्वतः बघेन आणि जे असेल ते दादाला तोंडावर सांगेन, आत्या म्हणून गोड बोलणार नाही.

दादाला सांगा, त्या कागदावर सही करू नकोस. एजंटाला आधी लेखी विचार: टेस्टचे दिवस किती, नव्या टायरचे सेट किती, ठोकल्याचं बिल कुठपर्यंत आपल्यावर, सहकाऱ्याचा डेटा बघायला मिळणार का, आणि पहिल्या रेसनंतर मधेच सोडलं तर किती पैसे परत. उत्तरं आली की मला फोटो काढून पाठव.

आई, गुडघ्याचा पट्टा नव्या मापाचा पाठवलाय, पुढच्या आठवड्यात मिळेल. जुना टाकून दे, शेजारी देऊ नकोस.

तुमची,
राणी