बांबोळीतल्या अनोळखी माणसांना

आईचं पोट आठ महिने दुखत होतं. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, निदान काही होईना. शेवटी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, दुर्बिणीतून पोट तपासायचं ठरलं. 'ऑपरेशन' म्हटल्यावर आम्ही घाबरलो. तेव्हा एका तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं: बेंबीजवळ सेंटीमीटरभर छेद, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, मग कॅमेरा आत. आतल्या आवरणावर बारीक पांढरे दाणे दिसले. तिथलाच तुकडा तपासायला गेला आणि पोटाचा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली.

त्या रात्री आईचा खांदा ठणकू लागला. पोटाला छेद आणि दुखतोय खांदा! मी पार हादरलो. सिस्टर म्हणाल्या, "उरलेल्या गॅसमुळे होतं बाबा, दोन दिवसांत जाईल." आई झोपेपर्यंत त्या अधूनमधून येत राहिल्या. शेजारच्या खाटेजवळच्या पेडण्याच्या मावशींनी मला आपल्या डब्यातली पेज वाढली. परतताना कदंब बसमध्ये आईला जागा देऊन वाळपईपर्यंत उभा राहिलेला तो मुलगा, त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. यंदा गणेश चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आईनेच केल्या.